वयाचा दाखला

औद्योगिक क्रांतीचा इतिहास बहुधा यंत्रे आणि त्यांचे संशोधक यांच्या नावांनी सांगितला जातो. त्या यंत्रांपाशी उभ्या असलेल्या मुलांचा इतिहास मात्र सरकारी दप्तरात शोधावा लागतो. दप्तराशी ज्यांचा नित्य संबंध येतो, अशा वाचकांना तो विशेष उमगावा.

इंग्लंडातील कापडगिरण्यांत लहान मुले तुटलेले सूत जोडीत आणि चालू यंत्राखाली शिरून कापसाची झाडलोट करीत. त्यांची बोटे चपळ आणि मजुरी अल्प, म्हणूनच त्यांना मागणी असे. १८३३ च्या कायद्याने, रेशमाच्या गिरण्या वगळून, ९ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली. त्यापुढे तेराव्या वर्षापर्यंतच्या मुलांना दिवसाचे ९ तास ठरवून दिले. देखरेखीसाठी साऱ्या देशाला मिळून ४ निरीक्षक नेमले गेले.

परंतु मूल ९ वर्षांचे झाले, हे ठरवायचे कसे? जन्माची सरकारी नोंदणी तेथे १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर डॉक्टरने मुलाकडे पाहून, त्याची शक्ती व अंगलोट साधारण नऊ वर्षांच्या मुलासारखी आहे, असा दाखला द्यावा, अशी योजना होती. लेनर्ड हॉर्नर या निरीक्षकाने मुलांच्या उंचीचा आधार घेऊन पाहिला. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजारावर मुले तपासून, दात हे वयाचे अधिक विश्वसनीय गमक आहे, असे प्रतिपादन केले. आपल्याकडे बैलबाजारात जी परीक्षा चालते, तीच येथे करुणेपोटी माणसाच्या मुलांस लावावी लागली! पुढे १८४४ च्या कायद्याने लहान मुलांचे तास साडेसहावर आणले. पण कामाला लागण्याचे वय मात्र ९ वरून ८ वर उतरविले.

याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८८१ साली आला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत गिरणीची कंपनी स्थापन केल्याला तेव्हा २७ वर्षे झाली होती. हा कायदा व्हावा म्हणून लँकेशायरचे गिरणीमालकही आग्रही होते. त्यामागे व्यापारी चढाओढ होती. येथे किमान वय ठरले ७, आणि बारा वर्षांपर्यंत कामाचे तास ९. मोठ्या माणसांना तर मर्यादाच नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवारची सुटी मिळावयास १८९० उजाडले. मुलांचे किमान वय १८९१ मध्ये ९ झाले.

दोन्ही देशांतील या कायद्यांनी तास कमी केले. मात्र घटलेल्या मजुरीची भरपाई केली नाही. यंत्रमागापुढे हातमागाच्या विणकराची कमाई ढासळत होती. अशा घरांतील आईबाप मुलाचे वय वाढवून सांगत. त्या काळचे खोटे दाखले वाचताना केवळ लबाडीवर बोट ठेवून थांबू नये. पोराच्या मिळकतीवाचून त्या घरची चूल पेटत नव्हती, याचीही ती नोंदच आहे.