वऱ्हाडांतील न्याहारी आणि शाळेची घंटा

ज्या घरांतून मुलें शाळेस जातात त्या घरांतील सकाळची धांदल आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. दप्तर भरणें, वेणी घालणें, हरवलेला मोजा शोधणें ह्या गडबडींत न्याहारी मागें पडते, आणि मूल चार घोट चहा व दोन बिस्किटें ह्यांवर घराबाहेर पडतें. घरोघरची आई ह्याबद्दल मनांतल्या मनांत स्वतःसच दोष देत असते. आमच्या मतें हा दोष तिच्या पदरीं बांधण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहणें अगत्याचें आहे. ही धांदल फार जुनी नाहीं. तिला आरंभ आहे व कारणेंही आहेत. तीं स्पष्ट व्हावींत म्हणून आम्ही वऱ्हाडांतील एक लहानसा मुलूख उदाहरणादाखल घेतों.

अमरावतीच्या पश्चिमेस भातकुली हें तालुक्याचें गांव आहे. आदिनाथाच्या जैन मंदिरामुळें यात्रेकरूंस तें ठाऊक आहे. नांवांत भात असला तरी हा प्रदेश भातशेतीचा नव्हे. काळ्या जमिनींत कापूस, ज्वारी, तूर, हरभरा, मूग आणि उडीद हींच येथील जुनीं पिकें. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे त्यांत हा तालुका मोडतो. येथील भूगर्भांतलें पाणी खारें. त्यावर बागाईत करावें तर जमीन बिघडते, आणि अशा जड पाण्यांत डाळही लवकर शिजत नाहीं. बारमाही भाजीपाला जेथें दुर्मिळ, तेथें पावसावर येणारें धान्य व कडधान्य ह्यांचाच घराला आधार. मुलांची न्याहारीही त्यांतूनच निघाली.

ती न्याहारी कशी होती? रात्रीची ज्वारीची भाकरी सकाळीं ताकांत कुस्करून खात; सोबत ठेचा किंवा जवसाची चटणी. ज्वारी भरडून केलेल्या कण्या ताकाबरोबर खात. रात्रीं ताकांत भिजविलेलें पीठ सकाळीं थोडा वेळ चुलीवर ठेविलें कीं आंबील तयार होई. डब्यांत लाह्या, फुटाणे आणि सातूचें पीठ भरलेलें असे. भाजलेल्या गव्हाचें व हरभऱ्याचें हें पीठ गुळाच्या पाण्यांत कालविलें म्हणजे काम झालें. प्रवासाला निघावयाचें तर दुधांत भिजविलेल्या पिठाची दशमी. खानदेशाला लागून असलेल्या वऱ्हाडाच्या पश्चिम भागांत ज्वारींत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी करीत. रात्रीचें ओलें अन्न दुसऱ्या दिवशीं ज्या घरांत निषिद्ध मानतात, त्या जैन घरांसही कोरडे भाजलेले पदार्थ चालत.

ह्या सर्व पदार्थांत एक समान गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेलच. ह्यांपैकीं एकाचेंही मुख्य काम सकाळीं होत नसे. भिजणें, आंबणें, मोड येणें हीं कामें रात्र करी. भाजणें व दळणें आधींच आटोपलेलें असे. सकाळीं उरे तें केवळ वाढणें. झटपट न्याहारी ही आजच्या काळाची गरज आहे असें आपण म्हणतों. परंतु पहांटे शेताची वाट धरणाऱ्या कुणब्याच्या घरीं ती गरज पिढ्यान्‌पिढ्या होती आणि तिची तोडही त्या घरानें काढलेली होती.

तथापि येथें एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ही सोय फुकट मिळालेली नव्हती. सकाळीं वाढण्यास क्षणभर लागे, कारण त्याआधीं कोणी तरी अंधारांत उठून जात्यावर बसलेलें असे, आणि तें कोणी तरी म्हणजे घरची बाईच. जुन्या काळच्या सात्त्विक आहाराचे गोडवे गाणारे पुष्कळसे लोक जात्याचा खुंटा विसरतात.

आतां घड्याळाकडे वळूं. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत येथील कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ सालीं मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. आगगाडी, कचेरी, जिनिंग कारखाना आणि शाळा ह्यांनीं घंटेबरहुकूम चालणें लोकांस शिकविलें. जेथें शाळा दहा-अकरास भरे तेथें मूल जेवूनच निघे. न्याहारी मागें पडली तरी पोट रिकामें नसे. पुढें मुलांची संख्या वाढली, वर्गखोल्या पुरेनात, आणि पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरूं लागल्या. वऱ्हाडांतील कडक उन्हाळ्यामुळें मार्च-एप्रिलांत सकाळची शाळा ओघानेंच आली. चांगल्या शिक्षणासाठीं खेड्यांतील मुलें अमरावतीस जाऊं लागलीं, तेव्हां शाळेच्या वेळेंत मोटारीच्या प्रवासाचीही भर पडली. घंटा अशी मागें मागें सरकत गेली; मुलाची भूक व झोंप मात्र होती तेथेंच राहिली.

ह्याच सुमारास चहा घरांत शिरला. १९०३ च्या कायद्यान्वयें निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवून त्यांतून चहाच्या प्रसाराचा खर्च भागविण्यांत येऊं लागला. रेल्वे स्टेशनें, गिरण्या व बाजार येथून चहाची दुकानें पसरलीं आणि दोन पिढ्यांत तो घरचा झाला. चहानें भूक भागत नाहीं, ती तात्पुरती दबते. शिवाय अन्नांतील लोह अंगीं लागण्यास तो अडथळा करितो. ताकाची जागा चहानें घेतली, भाकरीची बिस्किटानें. हा बदल कोणी विचार करून केलेला नाहीं, तो सोयीनें झाला. आणि म्हणूनच तो नजरेस आला नाहीं.

जुनें तें सर्व सोनें, असा मात्र आमचा दावा नाहीं. कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेचे डॉ. आयक्रॉइड ह्यांनीं १९३७ सालीं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून आपल्या ताटाचा हिशेब मांडणें शक्य झालें. १९६० सालीं डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया ह्यांनीं दख्खनच्या पठारावर जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा रोगाचा संबंध ज्वारींतील ल्यूसिन ह्या घटकाच्या आधिक्याशीं जोडला. एकट्या भाकरीवर मूल वाढत नाहीं, हा त्यांतला धडा. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें असतात, तर तितक्याच मुगांत सुमारें २४; आणि ज्वारींत जें उणें असतें तें कडधान्य भरून काढतें. मोड आणल्यानें मुगांत क जीवनसत्त्वही उत्पन्न होतें. कळण्याची भाकरी करणाऱ्या बाईनें ही मांडणी वाचली नव्हती. तिचा हात मात्र योग्य डब्याकडे जात होता.

ह्या बाबतींत राजसत्तेनें काय केलें तेंही पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत १९०६ सालीं शाळकरी मुलांच्या जेवणाचा कायदा झाला आणि १९०७ सालीं ब्रॅडफर्ड शहरांत गरीब मुलांना सकाळीं ओटची लापशी देण्याचा प्रयोग झाला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आरंभीं बहुतेक राज्यांत कोरडें धान्य मिळे, पुढें २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें शिजविलेलें अन्न देणें भाग पडलें. पण तें दुपारचें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सकाळच्या पौष्टिक न्याहारीचें महत्त्व मान्य केलें, आणि तामिळनाडूनें १५ सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत ती प्रत्यक्ष देण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊपूर्वीं भरवूं नयेत असा निर्णय केला. त्याच्या मुळाशीं मुलांच्या झोंपेची काळजी होती. झोंपेची दखल घेतली गेली, भुकेचीही घेतली जावी.

तोंपर्यंत घरानें काय करावें? आमचें उत्तर साधें आहे: सकाळचें काम पुन्हां रात्रीकडे सोंपवावें. आदल्या दिवशीं मूग भिजत घालून फडक्यांत बांधावे व सकाळीं वाफवून त्यावर लिंबू पिळावें. सातूचें पीठ महिन्यास एकदां करून ठेवावें. दशमी रात्रींच भाजावी. ताकांतली आंबील आजही दहा मिनिटांत होते. ज्वारी वऱ्हाडांतील बऱ्याच शेतांतून सोयाबीननें हुसकली. पुढें २०२३ हें साल भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें. परंतु धान्याचा खरा सन्मान उत्सवापेक्षां मुलाच्या वाटींत होतो.

आणि जातें आतां गेलें आहे. दळण गिरणींत होतें, पुष्कळ गांवांना धरणाचें पाणी नळानें मिळतें, चुलीच्या जागीं गॅस आला आहे. जुन्या न्याहारीची जी किंमत बाईनें आपल्या झोंपेंतून मोजली ती आज मोजावी लागत नाहीं. रात्रीं मूठभर मूग भिजत घालण्यास आईचाच हात लागतो असेंही नाहीं. वडिलांचा चालतो, आणि दहा वर्षांच्या मुलाचाही चालतो. घंटा मागें नेणें आपल्या हातीं नसेल. परंतु तिच्याआधीं मुलाच्या पोटांत चार घांस पडतील एवढी तजवीज आपल्या आज्यांनीं पुष्कळ अधिक कष्टांत केलेली होती. ती आपल्यालाही साधावी.