दुष्काळी कामावरची बाई

श्रोतेहो, तुमच्या शिवारात १९७२ च्या दुष्काळातला एखादा पाझर तलाव असेल. त्याच्या बांधावर उभे राहून एवढेच विचारा, की ही माती वाहिली कुणी? पुरुषांनी कुदळीने खणली खरी. पण पाट्या भरभरून वर नेऊन टाकल्या, त्या बहुतेक बायांनीच.

दुष्काळ घरावर येतो, पण घरातल्या सगळ्यांवर सारखा येत नाही. धनी मुंबईची वाट धरू शकतो. बाईच्या मागे म्हातारी सासू, लेकरे आणि दावणीची जनावरे. त्यात ती विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असेल, तर बहुधा जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव नाही. मग उसने कोण देतो?

१८७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने कामे काढली. मजुरी ठरविली ती कामावरून नव्हे, पोटावरून. जगायला धान्य किती लागते, एवढाच हिशोब. आणि बाईला कमी लागते असे धरून तिचा दर खाली. ऊन मात्र दोघांना सारखेच! पुढे दुष्काळाचे नियम लिहिले गेले, त्यांतही हा भेद राहिलाच.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, म्हणजे मागेल तिलाही, आणि दर एकच. काम गावाजवळ, म्हणून अंगावर पिणारे मूल असलेली बाईही जाऊ शके. कागदावर पाळणाघर होते. पुष्कळ ठिकाणी ते म्हणजे झाडाला बांधलेली झोळी.

अडचण होती ती मोजमापाची. टोळीने किती खणले ते मोजून पैसे मिळत. घरात खणणारा पुरुष नाही, अशा बाईला टोळीत कोण घेणार?

तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. या कायद्यातला हक्क प्रत्येक प्रौढ माणसाचा होता, घराचा नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने १०० दिवस मोजले ते कुटुंबामागे. लाभ घेणाऱ्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे त्यात होते. पण घराच्या वाट्याचे दिवस कुणी वापरायचे, ते घरातच ठरणार.

गुरुजी, तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आज्या-पणज्यांपैकी कुणी ना कुणी त्या बांधावर माती वाहिली असेल. मुलांना विचारून यायला सांगा : आजी, तुझा पगार तुझ्या हातात पडायचा, की आजोबांच्या?