धेनुकाकटचा वड्ढकी सामी आणि लेण्यांतील सागवान

हिमालयाच्या प्रदेशात बांधकामासाठी जे स्थान देवदाराचे, तेच सह्याद्रीच्या प्रदेशात सागाचे. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्यास वाळवी सहसा लागत नाही. याचा सर्वांत जुना व सबळ पुरावा मुळशी खोऱ्याच्या उत्तरेस, मावळातील बौद्ध लेण्यांत आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताखाली सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपासून टिकून आहेत. स्तूपावरील छत्रही लाकडीच आहे. भाजे येथील लाकडी तुळयांवर इ.स.पू. दुसऱ्या शतकातील लहान ब्राह्मी लेख आढळले व ते म. न. देशपांडे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले.

या कमानी छताचा भार वाहत नाहीत. छत अखंड खडकाचे आहे, ते स्वतःच उभे आहे. मग त्या बसविल्या कशासाठी? केवळ शोभेसाठी, हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. लेण्यापूर्वीचे चैत्यगृह लाकडाचे होते. भाज्याचे स्तंभ आत कललेले आहेत. लाकडी घराच्या खांबांना कमानीचा रेटा पेलण्यासाठी असा कल द्यावा लागे, दगडाला त्याची गरज नव्हती. पाथरवटाने कोरले ते सुताराचेच घर होय. कार्ल्याच्या लेखात या वास्तूस ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, म्हटले आहे, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

सुतारास पालि भाषेत ‘वड्ढकी’ म्हणतात. विदर्भातील ‘वाढई’ हा शब्द त्याच कुळातला. अलीनचित्त जातकात पाचशे वड्ढकींचे गाव येते. ते नावेतून नदीच्या वरच्या अंगास अरण्यात जात, तेथेच घरांचे सुटे भाग घडवीत, खांबापासून आरंभ करून प्रत्येक लाकडावर खूण करीत आणि प्रवाहाबरोबर नगरात आणून घरे उभारीत. खुणेवरून सांधा जुळविण्याचे हे ज्ञान केवळ हाताचे नव्हे, बुद्धीचेही आहे. भिक्खूंना वृक्ष तोडण्यास विनयाने मनाई केली होती. म्हणून विहार उभे राहिले ते अशा गृहस्थ कारागिरांच्या श्रमावर.

त्या श्रमाची नोंद कार्ल्यास आहे. धेनुकाकटचा गंधिक सिंहदत्त याने ‘घरमुख’ दान दिल्याचा लेख तेथे आहे. तेथेच धेनुकाकटचा वड्ढकी सामी, वेणुवासाचा पुत्र, याने घराचे मुख केले, असाही लेख आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल ज्या दर्शनी भागावर आपले नाव कोरवितो, त्याच चैत्यगृहात सुताराचे नाव त्याच्या पित्याच्या नावासह व व्यवसायासह येते. व्यवसाय येथे हीनतेची खूण नाही, ती ओळख आहे.

राजे व श्रेष्ठी यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येतात. सामीचे नाव तेथे क्वचितच दिसते. आपले वाचक कार्ल्यास जातील तेव्हा त्यांनी स्तूपास वंदन करून दृष्टी वर छताकडे न्यावी. त्या कमानी ज्यांनी घडविल्या त्यांची नावे आज उपलब्ध नाहीत. परंतु त्यांच्याच व्यवसायातील एकाचे नाव धम्माच्या वास्तूने दगडात जपले आहे. ते आपणही जपले पाहिजे.