उंडेऱ्याचे चौसष्ट

बडोद्याजवळ उंडेरा नावाचे गाव आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातल्या या गावात फेब्रुवारी 1898 मध्ये प्लेग चालू असताना वाल्डेमार हाफकिन आपली लस घेऊन पोचले. त्यांनी घराघरांतली माणसे दोन भागांत वाटली. बायका, पुरुष, मुले दोन्हीकडे शक्य तितकी सारखी पडतील असे पाहिले. मग एका भागाला लस टोचली आणि दुसऱ्याला मुद्दाम टोचली नाही. पुढच्या काही आठवड्यांत जे घडले ते असे: लस टोचलेल्या 71 जणांपैकी 8 जणांना प्लेग झाला आणि 3 दगावले, न टोचलेल्या 64 जणांपैकी 27 जणांना प्लेग झाला आणि त्यांतले 26 दगावले. प्लेगच्या लसीचा गुण दाखवणारा इतका स्वच्छ पुरावा त्या काळात दुसरा नाही. आणि इतका अस्वस्थ करणाराही नाही, कारण त्या 64 जणांनाही लस मिळू शकली असती. एकाच छपराखाली राहणाऱ्या भावंडांतल्या एकाला सुई आणि दुसऱ्याला काहीच नाही, हा योगायोग नव्हता, योजना होती. ती योजना योग्य होती का? माझे उत्तर होकारार्थी आहे. पण ते चटकन देता येत नाही, आणि दिल्यावरही मागे काही देणे उरते.

हे समजायला दीड वर्ष मागे जावे लागते. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागातल्या रुग्णांचा आजार गाठीचा प्लेग असल्याचे निदान मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. घरात उंदीर पडू लागले की माणसांची पाळी येते, एवढे लोकांना दिसत होते. उंदराच्या अंगावरची पिसू हा दुवा आहे, हे पॉल लुई सिमों यांनी कराचीत दाखवले ते 1898 साली, आणि वैद्यकीय जगाने ते मान्य केले 1905 नंतर, परळमध्ये झालेल्या सविस्तर प्रयोगांनी. मधल्या काळात सरकारपुढे आणि डॉक्टरांपुढे एकच प्रश्न होता: पुरेसे माहीत नसताना काय करायचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वर्षी, एकमेकांपासून शंभरेक मैलांच्या अंतरावर दिली गेली. पहिले पुण्याचे. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला, रँडसाहेब प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून आले आणि मार्चपासून गोरे सोजीर घरांत घुसून झडती घेऊ लागले. आजाऱ्यांना इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामानसुमान जाळायला, जमिनी आणि भिंती फिनाईल नि चुन्याने धुवायला. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. लंडनला आणि युरोपच्या बंदरांना वाटणारी भीती त्यामागे होती, तशी साथ रोखण्याची खरी इच्छाही होती. पण यांतल्या कोणत्या उपायाने किती माणसे वाचतात, हे कोणी तपासले नव्हते, आणि तपासण्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. धुतलेल्या घरातला उंदीर शेजारच्या घरात गेला की पिसूही गेली. माणसांची ताटातूट झाली, बायकांची अब्रू वेशीवर टांगली गेली, लोक आजारी माणूस लपवू लागले, आणि जो लपवला जातो त्याच्या घरात रोग बिनबोभाट वाढतो. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या प्रसंगाचा राजकीय अर्थ महाराष्ट्राला पाठ आहे. त्याचा वैद्यकीय अर्थ कमी सांगितला जातो: न तपासलेला उपाय सक्तीने लादला की उपाय फसतो आणि पुढच्या खऱ्या उपायावरचा विश्वासही घेऊन जातो. त्याआधी, त्याच वर्षी 10 मार्चला, पुण्यातच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्या मुलाच्या दवाखान्यात रुग्णाला पाठीवर घेऊन येणारी माणुसकी होती आणि सरकारी झडतीत सगळी यंत्रणा होती. ही दोन एकत्र आली असती तर, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे उत्तर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि तिला लागून असलेल्या बोळात तयार होत होते. हाफकिन ओडेसात जन्मलेले ज्यू. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत, आणि ही गोष्ट इंग्रज वैद्यक खात्याला शेवटपर्यंत खुपत राहिली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली, 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचली आणि 1893 मध्ये ते हिंदुस्थानात आले. प्लेगची बातमी कळताच ऑक्टोबर 1896 मध्ये ते मुंबईला आले. जंतू वाढवण्यासाठी लागणाऱ्या रश्श्यात त्यांनी गाय आणि डुक्कर टाळून बोकडाचे मांस वापरले. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत्या सुळक्यांसारखे वाढत. ते हलवून खाली पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे, मग सगळा काढा तापवून जंतू मारायचे. तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती, पुढे लोकांना दिली त्याहून मोठ्या मात्रेत, स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि ते काम करत राहिले.

पण स्वतःला टोचून घेतल्याने धैर्य सिद्ध होते, लस सिद्ध होत नाही. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना लस दिली गेली, उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली, आणि निकाल लसीच्या बाजूने लागला. त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये 2,197 जणांनी लस घेतली. त्यांतले 36 मेले. न घेतलेल्या 6,033 जणांतले 1,482 मेले. म्हणजे एकीकडे शंभरी दोनांहून कमी आणि दुसरीकडे शंभरी चोवीस-पंचवीस. हा आकडा पाहून कोणाही माणसाला वाटेल की आता आणखी पुरावा कशाला हवा. सगळ्यांना टोचा आणि मोकळे व्हा.

माझ्या मते सगळ्या कहाणीतला सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. उंडेऱ्यावरचा खरा आक्षेपही हाच: भायखळा आणि दमण झाल्यावर लस चालते हे हाफकिनना कळलेले होते, मग 64 माणसांना तिच्यावाचून ठेवणे ही जाणूनबुजून केलेली हत्या नव्हे का? आक्षेप टाळता येण्यासारखा नाही, म्हणून तो पूर्ण ताकदीने मांडतो. उंडेऱ्याच्याच आकड्यांनी हिशेब केला तर त्या 64 जणांना लस दिली असती तेव्हा दोन-तीन मृत्यू अपेक्षित होते, झाले 26. म्हणजे तेविसेक माणसे केवळ वाटणीत पलीकडे पडली म्हणून गेली. विज्ञानाच्या नावाखाली ही संख्या झाकणे मला मान्य नाही.

तरीही दमणचा आकडा दिसतो तितका निर्णायक नव्हता, आणि हे त्या काळच्या टीकाकारांना बरोबर दिसत होते. लस घ्यायला कोण पुढे येतो? बहुधा ज्याला डॉक्टरचा भरवसा आहे, ज्याचे घर थोडे बरे आहे, जो उंदीर पडताच गावाबाहेर जाऊन राहू शकतो. असा माणूस लस न घेताही वाचण्याची शक्यता अधिक. शिवाय साथीच्या ऐन भरात ज्यांनी लस घेतली ते त्या दिवसापर्यंत जगलेले होतेच. न घेतलेल्यांच्या खात्यावर मात्र आधीचे मृत्यूही चढू शकतात. म्हणजे दमणमधला फरक किती लसीमुळे आणि किती माणसामाणसांतल्या फरकामुळे, हे सांगणे अवघड होते. या शंका मिटल्याशिवाय सरकार पैसा घालणार नव्हते, डॉक्टर साथ देणार नव्हते, आणि झडतीने पोळलेले लोक दंड पुढे करणार नव्हते. उंडेऱ्यात छप्पर एक, पाणी एक, उंदीरही तेच. फरक राहिला तो फक्त सुईचा. दमण जे सांगू शकत नव्हते ते उंडेऱ्याने सांगितले. ज्या देशात पुढची कित्येक वर्षे प्लेग दरसाल लाखांनी बळी घेणार होता, तिथे हे ज्ञान लवकर मिळणे आणि उशिरा मिळणे यांतला फरकही माणसांच्या जिवांनीच मोजावा लागतो. फक्त ती माणसे कुठल्या घरातली, हे आधी दाखवता येत नाही, आणि म्हणून त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उभे राहत नाही.

दुसरा आक्षेप संमतीचा. तुरुंगातल्या कैद्याची किंवा संस्थानातल्या कुळाची संमती खरी किती? पूर्ण नव्हती, हे मान्यच करायला हवे. हाफकिन लस ऐच्छिक असावी असे सतत म्हणत राहिले, आणि सक्तीच्या त्या काळात हे मोठेच म्हणायचे. पण 1898 पासून सरकारने लस घेतल्याचा दाखला असणाऱ्याला विलगीकरणातून सूट दिली. ज्याला छावणीची धास्ती आहे त्याच्यासाठी ती सूट म्हणजे अर्धी सक्तीच. उंडेऱ्यातल्या त्या लोकांना आपण कशासाठी दोन भागांत वाटले जात आहोत हे कोणत्या शब्दांत सांगितले गेले, यावर त्या प्रयोगाचा नैतिक भार उभा आहे. आज असा प्रयोग तसाच करता येणार नाही, करूही नये. आज न टोचलेल्या गटावर डोळा ठेवणारी स्वतंत्र समिती असते, आणि फरक स्पष्ट होताच प्रयोग थांबवून सर्वांना लस द्यावी लागते. हे नियम उंडेऱ्यासारख्या ठिकाणी मोजलेल्या किमतीतूनच आपल्याला सुचले आहेत.

उंडेऱ्यानंतर चार वर्षांनी उलट्या बाजूचा धोका समोर आला. पंजाबात प्लेग पसरला आणि सरकारला एकदम प्रचंड प्रमाणात लस हवी झाली. अधिक लोकांचे भले करायचे तर अधिक बाटल्या हव्यात. हाफकिननी लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याचा भाग वगळला आणि निर्जंतुक करण्यासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली; पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत चालत होती. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मलकोवाल गावात पाच बाटल्यांतून 107 जणांना लस दिली गेली. त्यांतल्या 53 एन या एकाच बाटलीतून ज्या 19 जणांना लस मिळाली ते सगळे धनुर्वाताने मेले. बाकी चार बाटल्यांनी कोणालाही अपाय झाला नाही. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनना दूर करण्यात आले. पुढे पुराव्यांची छाननी झाली तेव्हा दिसले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती, म्हणजे धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढत नव्हते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हा अन्याय उघडा केला, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. त्यांना पुन्हा नोकरी मिळाली, ती कलकत्त्यात. मुंबईतली, परळची त्यांची जुनी प्रयोगशाळा मिळाली नाही.

मलकोवालमध्ये हाफकिन दोषी नव्हते, हे मला पटते. पण घाई दोषी होती. कार्बोलिक वगळणे शास्त्राच्या दृष्टीने चूक नव्हते. तरीही ते आम्ल बाटलीत असते तर जमिनीवरची धूळ आत गेल्यावर निदान एक अडसर उरला असता. प्रयोगशाळेत शिस्त असते, पंजाबच्या खेड्यात उन्हातान्हात रांगा लावून लस टोचणाऱ्याच्या हाताखाली ती राहीलच असे नाही. शंभर माणसांसाठी पुरेशी असलेली काळजी लाखासाठी पुरत नाही. प्रमाण वाढले की काळजीचा एखादा धागा काढून टाकण्याऐवजी आणखी एक घालावा लागतो. आणि 19 मृत्यूंनी लसीवरचा जो विश्वास गेला, त्यामुळे लस न घेता पुढे किती गेले, हे कोणत्याही आयोगाने मोजले नाही.

एवढे करून प्लेग लसीने थांबला का, असे कोणी विचारेल. नाही. तिचा प्रभाव काही महिने टिकायचा, ताप यायचा, दंड सुजायचा, आणि साथ पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. उंदीर, पिसू, घरबांधणी यांचे काम वेगळेच होते आणि ते सावकाश झाले. पण ज्यांनी लस घेतली ते कमी आजारी पडले आणि बरेच कमी मेले. हा दावा भावनेवर टेकलेला नाही. तो बारकाईने मोजलेल्या काही गावांवर टेकलेला आहे, आणि त्यांत सर्वांत भक्कम खांब उंडेऱ्याचा आहे. पुण्याची झडती आणि उंडेऱ्याची वाटणी दोन्ही कठोर होत्या. पहिलीतून कोणाला काहीच कळले नाही, दुसरीतून कळले. माझ्या लेखी या दोहोंत निवड करण्याचा आधार तोच आहे.

परळची जुनी गव्हर्नमेंट हाउसची इमारत 1899 मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाली आणि 1925 पासून ती संस्था हाफकिनच्या नावाने ओळखली जाते. हे योग्यच झाले. त्या नावाखाली ठळक अक्षरांत उंडेरा हे गावाचे नाव आणि 64 हा आकडाही लिहिलेला असावा. नसेल तर संस्थेने तो आता लिहावा.