जिला आई नव्हती अशी भाषा: ऑस्लान, तिच्या गोष्टी आणि शाळेचा वर्ग

आज आपण ऑस्ट्रेलियातल्या कर्णबधिरांच्या भाषेचा इतिहास बघणार आहोत. तिचं नाव ऑस्लान. तिथल्या माध्यमिक शाळांत ही भाषा, तिच्यातल्या गोष्टी आणि ती बोलणाऱ्यांची संस्कृती आज विषय म्हणून शिकवली जाते. बोलणाऱ्यांची असं मी मुद्दाम म्हणतो, कारण हातांनी बोलणं हेही बोलणंच आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण ‘मातृभाषा’ म्हणतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो: भाषा आईकडून मुलाकडे येते. आता कर्णबधिर मुलांकडे बघा. त्यांच्यातल्या दहापैकी नऊंहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यांना खुणांची भाषा येत नाही. म्हणजे बहुतेक मुलांना ही भाषा घरात मिळतच नाही. मग ती पिढ्यान् पिढ्या टिकली कशी? कोणी कोणाला दिली? आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

१८२५ साली जॉन कारमायकेल नावाचा खोदकाम करणारा चित्रकार एडिनबरोहून सिडनीला आला. तो कर्णबधिर होता, तिथल्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकलेला होता, आणि हातांनी गोष्टी सांगण्यात पटाईत म्हणून त्याची ख्याती होती. ऑस्ट्रेलियातल्या या भाषेच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक गोष्टीवेल्हाळ माणूस उभा आहे, हे लक्षात ठेवा.

पुढचा टप्पा १८६० चा. ऑक्टोबरात सिडनीला थॉमस पॅटिसन यांनी आणि नोव्हेंबरात मेलबर्नला फ्रेडरिक रोझ यांनी शाळा काढली. दोघेही कर्णबधिर होते. मेलबर्नच्या शाळेमागे एका विधवा आईचं पत्र आहे. आपल्या मुलीला शिकवायची काहीच सोय नाही, असं तिने वर्तमानपत्राला कळवलं होतं. ते रोझ यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी ते काम अंगावर घेतलं. आपल्याकडे कर्णबधिरांसाठी कोणीतरी दयाळू माणसाने काहीतरी केलं, अशी इतिहासाची मांडणी असते. इथे त्यांनी स्वतःच शाळा उभ्या केल्या. पॅटिसन आणि रोझ यांनी ब्रिटनमधली खुणांची भाषा आणली. त्यामुळे ऑस्लान, ब्रिटिश आणि न्यूझीलंडची सांकेतिक भाषा या आजही सख्ख्या बहिणी आहेत. तिघींची मुळाक्षरं दोन हातांची.

१८७५ साली न्यूकॅसलजवळ वाराटाह इथे कॅथलिक जोगिणींची शाळा सुरू झाली. तिथली शिक्षिका, सिस्टर गॅब्रिएल होगन, स्वतः कर्णबधिर आणि आयर्लंडहून आलेली. तिच्याबरोबर आयरिश खुणा आणि एका हाताची मुळाक्षरं आली. म्हणजे कॅथलिक घरातलं मूल एका पद्धतीने बोलणार आणि शेजारचं प्रॉटेस्टंट मूल दुसऱ्या. आजही सिडनी-ब्रिस्बेनकडच्या आणि मेलबर्न-अॅडिलेडकडच्या खुणांत फरक आहे, रंग आणि आकडे यांत तो चटकन दिसतो. आपल्याकडे बोली नदी-डोंगरांनी बदलते. तिथे या भाषेची बोली कोणत्या शाळेत गेलात यावर ठरली.

मग आली १८८० ची मिलानची परिषद. शिक्षकांची परिषद होती, कर्णबधिर प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. ठराव झाला की मुलांना फक्त तोंडी बोलायला शिकवावं, खुणा नकोत. तो विचार हळूहळू ऑस्ट्रेलियातही पोचला. वर्गात हात चालवायला बंदी, ओठ वाचा, आवाज काढा. पण वर्ग सुटल्यावर काय? या शाळा निवासी होत्या. मैदान होतं, जेवणघर होतं, झोपायची लांबलचक खोली होती. तिथे मोठी मुलं लहानांना गोष्टी सांगत, शिक्षकांच्या नकला करत. आणि ज्या थोड्या मुलांचे आईवडील कर्णबधिर होते, ती घरून आणलेली अस्सल भाषा सगळ्यांना वाटत.

आपल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ही भाषा आईने दिली नाही, शाळेच्या वर्गानेही दिली नाही. मुलांनी मुलांना दिली, आणि दिली ती गोष्टींतून. व्याकरणाचं पुस्तक नव्हतं, शब्दकोश नव्हता. गोष्ट हेच पुस्तक होतं.

शब्दकोश आला १९८९ मध्ये. ट्रेव्हर जॉन्स्टन या भाषावैज्ञानिकाचा जन्म कर्णबधिर कुटुंबातला. ‘ऑस्लान’ हे नावही ऐंशीच्या दशकात त्यांनीच दिलं. त्याच सुमारास शाळांत ‘साइन्ड इंग्लिश’ चालत होती, म्हणजे इंग्रजी वाक्य एकेका शब्दाने हातावर मांडायचं. जॉन्स्टन यांनी दाखवलं, की ऑस्लान ही इंग्रजीची सावली नाही, तिचं व्याकरण तिचं आहे. १९९१ च्या सरकारी भाषाधोरणातही तिला समाजाची भाषा म्हणून मान मिळाला. आणि २०१६ साली ती राष्ट्रीय अभ्यासक्रमात आली. दोन वाटा ठेवल्या: कर्णबधिर मुलांना प्रथम भाषा म्हणून, ऐकू येणाऱ्यांना द्वितीय भाषा म्हणून. ज्या खुणांवर शाळेत बंदी होती, त्यांचे आता गुण मिळतात!

वर्गात काय शिकवतात? समजा गोष्ट अशी आहे: मुलगा झाडावर, खाली कुत्रा भुंकतोय. ‘मुलगा’, ‘झाड’, ‘कुत्रा’ या तीन खुणा केल्या म्हणजे गोष्ट झाली का? नाही. सांगणारा आधी झाड हवेत एका जागी उभं करतो. मग खांदे वळवतो, नजर खाली नेतो, चेहरा घाबरतो: तो मुलगा झाला. पुन्हा खांदे वळतात, नजर वर जाते, दात दिसतात: तो कुत्रा झाला. आपले कीर्तनकार उत्तररंगात एका पावलात राजाचे भिकारी होतात ना, तसंच. फरक एवढाच, की इथे हे वळणं म्हणजे अभिनयाची भर नाही. ते व्याकरण आहे. कोण कोणाला म्हणालं ते त्यातूनच कळतं. काही गोष्टी तर हाताच्या एकाच आकारात, किंवा एक ते दहा आकड्यांच्या आकारांत क्रमाने सांगायच्या असतात. आपल्या यमकासारखंच हे बंधन.

ऐकू येणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हात लवकर जमतात. अडतं ते चेहऱ्यापाशी. त्या वयात चारचौघांत भुवया उडवायची लाज वाटते! पण ऑस्लानमध्ये ‘हो का?’ विचारायचं तर भुवया वर जायलाच हव्यात. भाषेबरोबर रीतही येते: लक्ष वेधायला खांद्याला स्पर्श करायचा किंवा दिवा उघडझाप करायचा, सगळ्यांना सगळे दिसतील असं गोलात बसायचं. आणि खुणेचं नाव आपलं आपण ठेवायचं नाही, ते कर्णबधिर समाज देतो. तुम्हाला आत कोण घेतं, हे या एका रीतीत आलं.

आता अवघड भाग. १९७८ साली मेलबर्नमध्येच ग्रॅम क्लार्क यांनी अनेक विद्युत्-अग्रांचं कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. त्यातून पुष्कळांना आवाजाचं जग मिळालं, हे मान्यच करायला हवं. त्याच काळात निवासी शाळा ओसरल्या, आणि कर्णबधिर मूल सर्वसाधारण शाळेत, अनेकदा वर्गात एकटं बसू लागलं. जॉन्स्टन यांनीच २००४ साली आकडे मांडून विचारलं, की हा समाज पुढे उरेल का? दुसरीकडे २०२१ च्या जनगणनेत घरी ऑस्लान वापरणाऱ्यांची संख्या सोळा हजारांवर गेली. पण या मोजणीत ऐकू येणारी माणसंही येतात. भाषा शिकणारे वाढावेत आणि ती जिची आहे ती मुलं मात्र एकमेकांना भेटू नयेत, असं होऊ शकतं. संस्कृतचं कौतुक करणारे आपल्याकडे लाखो आहेत, तिच्यात भांडणारी भावंडं किती?

म्हणून माझं म्हणणं असं, की ऑस्लानचा वर्ग ही केवळ एका जादा विषयाची तासिका नाही. झोपायच्या खोलीची जागा आता त्या वर्गाला घ्यायची आहे. त्यासाठी समोर कर्णबधिर शिक्षक हवा, गोष्टी सांगणारी कर्णबधिर म्हातारी माणसं यायला हवीत, आणि त्या वर्गात एखादं कर्णबधिर मूल असेल तर इतर तीस जणांशी त्याला त्याच्या भाषेत बोलता यायला हवं. खुणांची नुसती यादी पाठ करून घेतली, तर आपण कोश शिकवला, भाषा नाही.

आपल्यालाही हे दूरचं नाही. भारतीय सांकेतिक भाषेचीही इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांची आहेत, ब्रिटिश वळणाची. २०२१ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयात माध्यमिक स्तरावर ती भाषा-विषय म्हणून घेता येते. पाठ्यपुस्तक झालं, परीक्षाही होईल. पण आपल्या कर्णबधिर म्हाताऱ्यांच्या गोष्टी कोणी चित्रित करून ठेवल्या आहेत का? त्या कागदावर उतरत नाहीत. माणूस गेला की गोष्ट गेली. हे काम परीक्षेच्या आधीचं आहे.