डिस्क गोल्फचा जनक कोण?

एखाद्या राज्याचा संस्थापक कोण, एखाद्या ग्रंथाचा कर्ता कोण, असल्या प्रश्नांचीं उत्तरें इतिहासकार जुनीं कागदपत्रें चाळून देऊं शकतो; पण एखाद्या खेळाचा जनक कोण, असें कोणीं विचारलें म्हणजे त्याची मोठी पंचाईत होते. मुलें खेळ शोधून काढतात आणि मोठीं झालीं कीं विसरून जातात. तीं नोंदी ठेवीत नाहींत कीं करारावर सह्या करीत नाहींत. पुढें केव्हां तरी कोणी उद्योगी गृहस्थ तोच खेळ नव्यानें मांडतो, त्याला नांव देतो, त्याचे नियम छापतो, आणि जनकत्वाचा टिळा त्याच्या कपाळीं लागतो. अमेरिकेंत गेल्या शतकांत उदयास आलेल्या 'डिस्क गोल्फ' नांवाच्या खेळाचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे, आणि तोच आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें ग्रंथालयांत नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही आमच्या चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियांत गेलों होतों. पॅसाडेना शहराच्या कडेला ओक वृक्षांचें एक सार्वजनिक उद्यान आहे. एके दिवशीं सकाळीं तेथें नेऊन चिरंजीवांनीं आमच्या हातांत प्लॅस्टिकची एक तबकडी दिली आणि दूर उभ्या असलेल्या एका लोखंडी खांबाकडे बोट दाखविलें. खांबाच्या माथ्यावरून साखळ्या लोंबत होत्या व त्यांच्याखालीं कमरेएवढ्या उंचीवर एक टोपली बसविलेली होती. तबकडी फेंकावयाची, ती जेथें पडेल तेथून पुन्हां फेंकावयाची, शेवटीं ती साखळ्यांवर आदळून टोपलींत पडली म्हणजे पुढच्या खांबाकडे वळावयाचें. असे बहुधा अठरा खांब असतात, आणि सर्वांत कमी फेंकींत जो ते पुरे करील तो जिंकला. खेळ एवढाच.

आमची पहिली फेंक दहा पावलांवरच्या झुडुपांत गेली. तीस वर्षें वर्गांत उभें राहून व्याख्यानें दिलेल्या मनुष्याला झुडुपांत हात घालून खेळणें शोधतांना जो संकोच वाटावा तो आम्हांसहि वाटला. आसपास कोणी देशी गृहस्थ तर नाहींत ना, हें आम्हीं आधीं पाहून घेतलें. "बाबा, सगळा हात झोंकूं नका, मनगटाला फिरूं द्या," असें चिरंजीव म्हणाले. त्यांच्या या उपदेशाचें फळ मिळण्यास आठ खांब लागले. नवव्या खांबापाशीं मात्र आमच्या स्वतःच्या फेंकीनें साखळ्यांचा खळखळाट झाला, आणि तो ऐकून आम्हांस झालेला आनंद आमच्या वयास शोभण्याजोगा नव्हता. घरीं परततांना चिरंजीवांनीं सांगितलें कीं, या खेळाचें पहिलें कायमचें मैदान म्हणून जें मानलें जातें तें हेंच. तेव्हांपासून हा इतिहास जुळविण्याचा नाद आम्हांस लागला.

आतां नांवांतील 'गोल्फ' या शब्दाविषयीं प्रथम दोन शब्द. गोल्फ मूळचा स्कॉटलंडचा. त्याच्या पायीं लोक तिरंदाजीचा सराव सोडतात म्हणून तेथील पार्लमेंटनें १४५७ सालीं त्यास बंदी केली होती. पुढें १७४४ सालीं एडिंबरोच्या खेळाडूंनीं त्याचे तेरा नियम लिहून काढले. आणि १८२९ सालीं तो कलकत्त्यास येऊन पोंचला. विस्तीर्ण हिरवळ, काठ्यांनीं भरलेली थैली आणि सभासदत्वाची भारी वर्गणी हीं त्याचीं लक्षणें आपणांस ठाऊक आहेत. तबकडीच्या खेळानें गोल्फपासून घेतलें तें त्याचें गणित, म्हणजे फेंकी मोजण्याची रीत. त्याचा खर्च मात्र घेतला नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील विवेचनांत तिचें काम आहे.

या खेळाचा सर्वांत जुना ठाऊक असलेला प्रयोग अमेरिकेंत नव्हे तर कॅनडांत झाला. सस्कॅचवान प्रांतांत ब्लॅडवर्थ नांवाचें एक खेडें आहे. तेथील शाळेंतील रोनाल्ड गिब्सन व त्याचे सोबती यांनीं १९२६ च्या सुमारास डब्यांचीं पत्र्याचीं झाकणें घेऊन जमिनीवर आंखलेल्या वर्तुळांत तीं फेंकण्याचा खेळ सुरू केला, आणि त्यास 'टिन लिड गोल्फ', म्हणजे झाकणांचा गोल्फ, असें नांव दिलें. पुढें तीं मुलें मोठीं झालीं आणि खेळ बंद पडला. जनकत्वाचा निवाडा केवळ काळाच्या क्रमानें करावयाचा असेल तर तो येथेंच संपतो. परंतु या मुलांपासून तो दुसऱ्या कोणीं उचलल्याचें दिसत नाहीं. हा झरा लागला आणि तेथेंच जिरून गेला.

पत्र्याच्या झाकणांत दोष पुष्कळ होते. तें बोटांस कापी, आदळलें कीं वांकडें होई. खेळ टिकावयाचा तर साधन सुधारणें अवश्य होतें, आणि तें काम फ्रेड मॉरिसन नांवाच्या तरुणानें केलें. १९३७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो आपल्या भावी पत्नीबरोबर लाह्यांच्या डब्याचें झाकण फेंकून खेळत होता. पुढील वर्षीं समुद्रकिनाऱ्यावर तीं दोघें केक भाजण्याचें भांडें फेंकीत असतां एका गृहस्थानें तें पंचवीस सेंटांस मागितलें. भांड्याची किंमत होती पांच सेंट! मॉरिसनच्या ध्यानांत व्यापार आला. मध्यंतरीं महायुद्ध झालें. तो लढाऊ विमानाचा वैमानिक झाला व जर्मनांच्या कैदेंतहि पडला. परत आल्यावर विमानाच्या पंखांविषयीं मिळालेलें ज्ञान त्यानें तबकडीस लाविलें आणि १९४८ सालीं वॉरन फ्रान्सिओनी या भागीदारासह प्लॅस्टिकची तबकडी बाजारांत आणली. फेंकलेली तबकडी भोंवऱ्याप्रमाणें गरगर फिरते म्हणून ती कलंडत नाहीं, आणि तिच्या फुगीर पाठीवरून हवा वाहते म्हणून ती तरंगते; या दोन गोष्टींचा मेळ घालणें हीच सारी युक्ति.

काळहि तिला अनुकूल होता. १९४७ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत आकाशांतील 'उडत्या तबकड्यां'च्या वार्तांनीं एकच खळबळ उडविली होती. मॉरिसननें आपल्या १९५५ च्या सुधारलेल्या तबकडीचें नांवहि प्लुटो या दूरच्या गोलावरून 'प्लुटो प्लॅटर' असें ठेविलें. २३ जानेवारी १९५७ रोजीं, आपल्या सदतिसाव्या वाढदिवशीं, त्यानें तिचे हक्क 'व्हॅम-ओ' या खेळण्यांच्या कंपनीस दिले. कनेक्टिकट संस्थानांतील ब्रिजपोर्ट येथें फ्रिस्बी नांवाच्या घराण्याची बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या ताटल्या फेंकून विद्यार्थी खेळत, असें सांगतात. त्या नांवाचें स्पेलिंग किंचित् बदलून कंपनीनें त्याच वर्षीं तबकडीस 'फ्रिस्बी' हें नांव दिलें. मॉरिसनला तें मुळींच रुचलें नाहीं. पण नांव रुजलें, आणि त्याच्या पदरीं त्यामुळें पैसाहि पुष्कळ पडला.

साधन घरोघर गेल्यावर काय झालें? जें ब्लॅडवर्थला झालें तेंच ठिकठिकाणीं पुन्हां झालें. कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें केव्हिन डॉनेली १९५९ सालीं रस्त्यांतच तबकडीचा गोल्फ खेळूं लागला. १९६५ सालीं त्याच प्रांतांत जॉर्ज सॅपनफील्ड या तरुणास आपण सांभाळीत असलेल्या क्रीडांगणावरील मुलांसाठीं हीच कल्पना सुचली. न्यूयॉर्क प्रांतांतील रॉचेस्टर शहरीं एक मंडळी १९७० पासून नियमानें सामने भरवीत होती. १९७४ सालीं त्यांनीं मोठी स्पर्धा मांडून एक नवी मोटारगाडी बक्षीस लाविली, आणि दुरून आलेले खेळाडू पाहून या नादाचे आपण एकटेच नाहीं असें त्यांस समजलें. एकाच कल्पनेचे एवढे जनक! आमच्या मतें याचा अर्थ उघड आहे. हातांत गोल झाकण आणि पुढें मोकळी जागा असली कीं मनुष्याला ती फेंकावीशी वाटते; ती फेंकली कीं कशावर तरी नेम धरावासा वाटतो; आणि नेम धरणारीं दोघें झालीं कीं फेंकी मोजाव्याशा वाटतात. हा खेळ शोधावा लागत नाहीं, तो आपोआप सुचतो.

मग एड हेड्रिक यासच या खेळाचा जनक कां म्हणतात? हेड्रिक १९६४ सालीं व्हॅम-ओ कंपनींत नोकरीस लागला. तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार रेघा उठवून त्यानें ती अधिक स्थिर केली व १९६७ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. १९७५ सालीं त्याच्या खटपटीनें त्या ओक वृक्षांच्या उद्यानांत खेळाचें कायमचें मैदान तयार झालें. त्याच वर्षीं त्यास एक्कावन्न वर्षें पूर्ण झालीं होतीं, हें आमच्यासारख्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण या वयांत मनुष्य बहुधा हिशेब मिटविण्याच्या विचारांत असतो, नवा खेळ मांडण्याच्या नव्हे.

आरंभीं तेथें नुसते खांब रोंविले होते. तबकडी खांबास लागली म्हणजे झालें. पण ती लागली कीं घसटून गेली, यावर तंटे होऊं लागले. या तंट्यांतूनच पुढची सुधारणा निघाली. हेड्रिकनें आपल्या मुलाच्या साहाय्यानें खांबास साखळ्या व टोपली जोडली. साखळ्या वेग मोडतात, टोपली तबकडी झेलते, आणि वाद घालण्यास जागा उरत नाहीं. या खांबाचें पेटंट त्यास १९७७ सालीं मिळालें. दरम्यान १९७६ सालीं त्यानें खेळाडूंची संस्था काढली व तिचा पहिल्या क्रमांकाचा सभासद तो स्वतः झाला. 'फ्रिस्बी' हें नांव कंपनीच्या मालकीचें असल्यामुळें सर्वांस मोकळेपणानें वापरतां येईना. म्हणून 'डिस्क' हा साधा शब्द रूढ झाला.

कोणी म्हणेल कीं, हें सर्व धंद्यासाठीं होतें. होतें यांत शंका नाहीं. टोपल्या विकण्यासाठीं मैदानें पाहिजेत आणि मैदानें होण्यासाठीं संस्था पाहिजे, हा हिशेब हेड्रिकला कळत नव्हता असें नाहीं. पण न्यायानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्यानें आपली संस्था पुढें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच खेळाडूंच्या हातीं सोंपविली. शिवाय त्यानें खांब रोंविले ते सार्वजनिक उद्यानांत. वेशीवर पहारेकरी न ठेवतां, वाटेनें जाणाऱ्या कोणासहि खेळतां यावें अशा जागीं. आपल्याकडे मुलांच्या खोखोस डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं नियमांत बसविलें. खोखो त्यानें निर्माण केला नाहीं, पण टिकविला. हेड्रिकचें श्रेय याच जातीचें आहे. त्याला आम्ही खेळाचा जनक म्हणणार नाहीं, पालक म्हणूं. आणि अनाथ मुलाच्या दृष्टीनें पालकाची योग्यता जनकाहून कमी नसते.

पुढील इतिहास लौकर सांगतां येईल. १९८३ सालीं डेव्ह ड्यूनिपेस यानें तबकडीची कड उतरती व धारदार करून ती हवा कापीत फार दूर जाईल अशी केली. आतां दूर जाणारी एक, मध्यम पल्ल्याची एक, टोपलीजवळ टाकण्याची एक, अशा निरनिराळ्या तबकड्या निघाल्या. तबकडीचें वजन २०० ग्रॅमच्या वर आणि व्यास २१ सेंटिमीटरच्या आंत नसावा, असे नियम झाले. फिनलंडसारख्या थंड व विरळ वस्तीच्या देशांत तर हा खेळ घरोघर पोंचला आहे. आमच्या मनांत येथें एक शंका मात्र डोकावते. चिरंजीवांबरोबर त्या उद्यानांत गेलों असतां कित्येक खेळाडूंच्या पाठीवर वीस-वीस तबकड्यांच्या थैल्या आम्हीं पाहिल्या. गोल्फचें गणित घेऊन त्याचा खर्च टाळणारा हा खेळ हळूहळू तोहि खर्च अंगीकारणार कीं काय? त्याची खरी दौलत पेटंटांत नाहीं आणि बक्षिसांतहि नाहीं. एक तबकडी, एक सकाळ आणि चालण्यास दोन पाय एवढ्यावर तो उभा आहे. हें विसरलें तर तो वाढेल, पण बदलेल.

हेड्रिक २००२ सालीं वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्यें मिसळून तिच्या तबकड्या करण्यांत आल्या. आपली रक्षा हवेंत फेंकली जावी आणि लोकांनीं तिनें खेळावें, ही इच्छा आम्हांस प्रथम विक्षिप्त वाटली. आतां वाटत नाहीं.

आमची तबकडी आमच्याबरोबर स्वदेशीं आली आणि पुस्तकांच्या कपाटावर पडून राहिली. गेल्या दिवाळीच्या सुटींत शेजारचीं दोन मुलें ती मागावयास आलीं. "काका, हिनें कसें खेळतात?" असें एकानें विचारलें. आम्हीं चष्मा काढून १९२६ पासून आरंभ करण्याच्या बेतांत होतों. पण तेवढा धीर कोणास? तीं तबकडी घेऊन अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेंत गेलींसुद्धां. थोड्या वेळानें आम्हीं खिडकींतून पाहिलें, तों त्यांनीं विटेच्या तुकड्यानें जमिनीवर एक वर्तुळ आंखलें होतें आणि दोघें मोठ्यानें फेंकी मोजीत होतीं.