कॉर्व्हेटची तहान आणि तिला पोसण्याचा खर्च

स्पोर्ट्स कार समोर उभी राहिली की पहिला प्रश्न वेगाचा असतो आणि दुसरा, थोड्या दबक्या आवाजात, 'ॲव्हरेज किती देते?' असा. उत्तर निराशाजनकच असणार, हे विचारणाऱ्याने मनाशी धरलेले असते. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले कॉर्व्हेट या दोन आसनी कूपेने मात्र हा समज बऱ्याच अंशी खोटा ठरवला. २००५ च्या सुमारास आलेल्या तिच्या सहाव्या पिढीचे, म्हणजे 'सी६'चे, इंजिन सहा लिटरचे, आठ सिलिंडरचे आणि ४०० अश्वशक्तीचे होते. तरीही सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीला तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला अधिकृत आकडा शहरात गॅलनला १८ मैल आणि महामार्गावर २८ मैल असा होता. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. त्या हिशेबाने लिटरला शहरात साडेसात आणि महामार्गावर जवळजवळ बारा किलोमीटर झाले. चारशे अश्वशक्तीच्या गाडीसाठी हा आकडा वाईट म्हणता येणार नाही.

यात जादू काही नाही. ताशी १०० किलोमीटरच्या एकसमान वेगाने सपाट रस्त्यावर जाताना अशा गाडीला हवेचा आणि टायरचा अडथळा मोडण्यासाठी जेमतेम १७ ते २० अश्वशक्ती लागते. गाडी बुटकी आणि वाऱ्याला वाट देणाऱ्या आकाराची आहे. वजनही दीड टनाच्या आत आहे. उरलेली ३८० अश्वशक्ती त्या वेळी झोपलेली असते. प्रश्न एवढाच, की मोठे इंजिन झोपेत असताना किती खाते? पेट्रोल इंजिन मोठे असले आणि त्याचा थ्रॉटल जेमतेम उघडा असला, तर हवा ओढून घेण्यातच त्याची बरीच ताकद वाया जाते. घर्षण वेगळेच. त्यावरचा उपाय म्हणजे इंजिन शक्य तितके सावकाश फिरवणे. कॉर्व्हेटच्या सहाव्या गिअरचे गुणोत्तर ०.५० होते, म्हणजे इंजिनाचा एक फेरा होईपर्यंत गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा दोन फेरे घेई. परिणामी ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे तेराशेच फेरे घेत असे. एखादी छोटी हॅचबॅक याच वेगाला त्याच्या दुपटीहून अधिक फेऱ्यांवर गुरगुरत असते. एवढ्या मंद फेऱ्यांवर गाडी ओढायला मोठ्या इंजिनाचा टॉर्क हवा, आणि तो येथे मुबलक होता.

कंपनीने एवढा आटापिटा केला, त्यामागे ग्राहकाच्या खिशाची काळजी होतीच. पण कायद्याचा धाक अधिक होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये 'गॅस गझलर टॅक्स', म्हणजे इंधनपिऊ गाड्यांवरचा कर, आणला. १९९१ पासूनच्या दरांनुसार शहर आणि महामार्ग यांचा मिळून आकडा गॅलनला साडेबावीस मैलांच्या खाली गेला, की नव्या गाडीवर हजार डॉलरपासून ७,७०० डॉलरपर्यंत कर बसतो. हा आकडा काचेवर चिकटवलेल्या लेबलावरचा नव्हे, तर प्रयोगशाळेतील मूळ चाचणीचा असतो आणि तो लेबलापेक्षा बराच उदार असतो. म्हणूनच २००६ ची सात लिटर, ५०५ अश्वशक्तीची 'झेड०६' लेबलावर १६ आणि २६ मैल दाखवूनही या करातून काठावर सुटली.

कराच्या सूत्रात शहराच्या आकड्याला ५५ टक्के वजन आहे आणि नेमकी तेथेच मोठी गाडी मार खाते. त्यासाठी कॉर्व्हेटमध्ये १९८९ पासून एक चमत्कारिक यंत्रणा होती. इंजिन तापलेले असेल, गाडी ताशी २४ ते ३० किलोमीटरवर असेल आणि पाय हलका असेल, तर पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाऊ पाहणारा दांडा अडवला जाई आणि थेट चौथ्यात ढकलला जाई. चाचणीत यामुळे पेट्रोल वाचत असे. रस्त्यावर मात्र मालक वैतागत. बाजारात काही डॉलरांना मिळणारा एक छोटा प्लग लावून ही यंत्रणा बंद करणे, हे नव्या कॉर्व्हेटवाल्याचे पहिले काम होऊन बसले होते. परीक्षेपुरते पाठ करून नंतर विसरून जाण्याचाच हा प्रकार.

कायद्यातील विसंगती याहून मोठी आहे. हा कर फक्त प्रवासी मोटारींना लागू आहे. पिकअप, मिनीव्हॅन आणि एसयूव्ही त्यातून मोकळ्या आहेत. त्याच कंपनीची अगडबंब सबर्बन कॉर्व्हेटपेक्षा जास्त पेट्रोल पिते, पण तिच्यावर हा कर एका डॉलरचाही नाही.

लेबलावरचे आकडेही कायम राहिले नाहीत. वातानुकूलन, थंडी आणि वेगवान चालवणे हिशेबात घेणारी नवी पद्धत २००८ च्या मॉडेलांपासून लागू झाली आणि त्या वर्षीच्या ६.२ लिटर कॉर्व्हेटचा आकडा १६ आणि २६ मैलांवर आला. प्रत्यक्ष चालवणाऱ्याच्या हाती जे पडते, त्याच्या हे अधिक जवळचे आहे.

आता खर्चाचा एकूण हिशेब. वर्षाला १२ हजार मैल, सरासरी गॅलनला २० मैल आणि पेट्रोल गॅलनला चार डॉलर धरले (२००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ते तेवढे पोहोचले होते), तर इंधनाला २,४०० डॉलर लागतात. गॅलनला ३० मैल देणाऱ्या साध्या सेदानला १,६०० लागतील. फरक ८०० डॉलरचा. याउलट सुमारे ४४ हजार डॉलरच्या नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षी १५ टक्क्यांनीच उतरली असे मानले, तरी ६,६०० डॉलर घसाऱ्यात जातात. पेट्रोल पंपावर जीव कासावीस होतो. घसारा मात्र आवाज न करता खिसा कापतो.

टायरचा खर्चही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पुढची चाके १८ इंची, मागची १९ इंची आणि अधिक रुंद. त्यामुळे ती आपसात बदलून झीज वाटून घेता येत नाही. गाडीत स्टेपनी नाही. तिच्याऐवजी हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर दिले होते आणि ते साध्या टायरपेक्षा महाग पडतात. विमा चालकाचे वय आणि पत्ता यांवर ठरतो; तरुणाला तो पेट्रोलपेक्षाही जड जाऊ शकतो. इंजिनाची देखभाल मात्र स्वस्त. त्याची रचना जुन्या पुशरॉड पद्धतीची आहे. कॅमशाफ्ट साखळीवर चालतो, ठरावीक वर्षांनी बदलावा लागणारा टायमिंग बेल्टच नाही. १९९० च्या दशकातील फेरारी एफ३५५ चा बेल्ट बदलायला अख्खे इंजिन बाहेर काढावे लागते, हे लक्षात घेतले की युरोपीय समीक्षकांनी नाके मुरडलेल्या या जुनाट रचनेचे मोल कळते.

पुढच्या पिढ्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. २०१४ च्या 'सी७'मध्ये हलक्या कामाच्या वेळी आठपैकी चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली. २०२० च्या 'सी८'मध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले आणि मॅन्युअल गिअरबॉक्स हद्दपार झाला. त्याबरोबर तो अडवणारा दांडाही गेला. २०२३ ची नवी, ६७० अश्वशक्तीची 'झेड०६' मात्र करातून सुटली नाही. २०२४ मध्ये आलेली 'ई-रे' ही हायब्रिड असली, तरी तिची छोटी बॅटरी पेट्रोल वाचवण्यापेक्षा पुढची चाके फिरवून वेग घेण्यासाठी आहे.

जुनी सी६ घेणाऱ्याने ॲव्हरेज विचारण्याआधी टायरची बाजू पाहावी. तेथील शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. अशा गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी शाबूत असते आणि रबर कडक झालेले असते. ते चार टायर बदलण्याचा खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा.